बगळ्यांची नवी लागवड

रविवार, २ नोव्हेंबर

तब्येती आधी. मग रडगाणं.

बॉल फेकणारा होल्कम — बरगड्या. त्याला राखणारा डावीकडचा टॅकल — गुडघा, गेल्या वर्षीचाच. बॉल घेऊन पळणारा तो बुटका — घोटा. किक मारणारा — तब्येत ठणठणीत, नेम आजारी. बायको जुलियाना — कंबर, हीटिंग सुरू केलं त्या दिवसापासून. नात बियांका — सर्दी, वर युनिव्हर्सिटीची मिडटर्म. सूर्यकांत — ब्लडप्रेशर. आज मॅच संपल्यावर मोजलं असतं तर मशीनच आडवं झालं असतं. मी — गुडघा, डावाच. तो टॅकल आणि मी एकाच पायानं लंगडतो. तो पडला की जुलियाना माझ्याकडे बघते!

हरलो. चौतीस–सहा. आठ मॅचेस झाल्या, सात गेल्या.

सकाळी मिस्सात फादरांनी मृतांसाठी प्रार्थना सांगितली. मी मनातल्या मनात हेरन्सचं नावही घातलं. पाप लागलं तर लागू दे.

हेरन्स म्हणजे आपले बगळे. सरोवरापलीकडची, अमेरिकन फुटबॉलची टीम. इथे कॅनडात केंब्रिजला गाडीच्या प्लँटमध्ये लागलो त्या वर्षी फोरमननं मला आणि सूर्यकांतला एकेक तिकीट दिलं होतं. तो नागपूरचा, मी वसईचा, दोघांनाही वाटलं सॉकर आहे. पहिला अर्धा तास 'पाय का लावत नाहीत बॉलला' एवढंच बोलत होतो. पण मन एकदा बसलं ते बसलं. कॅनडाची स्वतःची लीग आहे, तिच्यावर माझा राग नाही. पण लग्न एकदाच होतं.

आता माझं स्पष्ट मत. नवी लागवड! वाडीत जे करतात तेच. केळ एकदाच घड देते. घड उतरला की त्या खुंटाकडे बघत बसायचं नाही — कोयता घ्यायचा. बुंध्याशी मुनवे, म्हणजे नवे कोंब, आलेले असतात, त्यातला एक चांगला ठेवायचा, बाकीचे खणून काढायचे. होल्कम अडतीस वर्षांचा आहे. सतरा वर्षं बॉल फेकला, घड दिला, एकदा फायनलपर्यंत नेलं. उपकार झाले. आता पॅसिफिककडची टीम त्याला मागतेय, मंगळवारी चारपर्यंत ट्रेडची, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत. द्या! बदल्यात ड्राफ्टमधल्या निवडी घ्या. एप्रिलमध्ये कॉलेजची पोरं निवडतात, त्यात सगळ्यात खालच्या टीमला पहिला हात घालायला मिळतो. नापास होईल त्याला पहिलं ताट — असा न्याय मी दुसरीकडे पाहिला नाही.

सूर्यकांत खवळला. "काय बे पायस! सतरा वर्षं ज्यानं घर चालवलं, त्याले तू भाजीच्या देठासारखा काढून फेकतं?"

"देठ नाही, खुंट."

"तुले काळीज आहे का नाही बे?"

"काळीज आहे म्हणूनच. त्याच्या बरगड्या बघवत नाहीत."

मग त्याच्या क्षितिजचा फोन आला व्हँकूव्हरहून. तीन वर्षं तेच — बाबा, घर विका, इकडे या, ईशानी मोठी होतेय. सूर्यकांत हसला आणि म्हणाला, "थर्ड क्वार्टर चालू आहे, मागून बोलतो." तीन वर्षं हेच उत्तर. तो काही जात नाही. तीन घरं सोडून राहतो, वहिनी गेल्यापासून दर रविवारी आमच्या बेसमेंटमध्ये. जाईल कुठे!

मंगळवार, ४ नोव्हेंबर

चार वाजले. होल्कमला ठेवला. मूर्ख लोक! आता मार्चपर्यंत काही नाही.

सूर्यकांतचा फोन, नुसता हसायला. हसला आणि ठेवला.

रविवार, १६ नोव्हेंबर

हरलो, पण थोडक्यात. थोडक्यात हरणं वाईट. मोठं हरलं की झोप तरी लागते.

बियांका आली होती वॉटर्लूहून. एलआरटीची ट्राम, मग बस, मग आजोबांच्या नावानं बोंब — बस वीस मिनिटं लेट. तिला बसवून टीमच्या जनरल मॅनेजर साहेबांना पत्र लिहायला घेतलं. मी मराठीत सांगतो, ती इंग्रजीत टाइप करते. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पुढचं सगळं टीव्हीखालच्या अक्षरांवरून आणि लायब्ररीतून. खेळ कळतो, स्पेलिंग नाही.

मी सांगितलं, "लिही. साहेबांस सप्रेम नमस्कार. आम्ही इथे देवाच्या दयेने सुखरूप आहोत. आपली तब्येत कशी आहे? आपल्या मातोश्रींची? श्रीयुत होल्कम यांच्या बरगड्या? डाव्या टॅकलचा गुडघा? त्यांना सांगावे, माझाही दुखतो—"

ती थांबली. "आजोबा, यू कान्ट आस्क द जीएम अबाउट हिज मदर!"

"का? त्याला आई नाही?"

"नोबडी स्टार्ट्स लाइक दॅट."

"आम्ही स्टार्ट करतो. आधी माणूस विचारायचा, मग काम."

सूर्यकांत खुर्चीतून म्हणाला, "लिही पोरी. आणि खाली लिही की सूर्यकांत नावाचा शेजारी या मताशी सहमत नाही."

लिहिलं तिनं! दोन्ही. मग मुद्दे. होल्कमला मोकळा करा. तिशीच्या पुढचे पाच जण मोकळे करा. आणि पोरं निवडताना रुंद पानांचा मुनवा घेऊ नका. तो दिसायला देखणा, गुबगुबीत, पण मुळाला दम नसतो. तलवारीसारख्या पानांचा घ्यायचा — किडकिडीत, रागीट, जमिनीत खोल. बियांकाला 'मुनवा' लिहिता येईना. तिनं मला फोनवर केळीच्या बागेचा व्हिडिओ काढून दाखवला, "धिस?" मी 'हो' म्हणालो आणि पुढची पाच मिनिटं व्हिडिओच बघत राहिलो. पत्र अर्धं राहिलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

सूर्यकांत पडला.

सकाळी ड्राइव्हवे शोव्हल करत होता. खाली बर्फाचा पापुद्रा, वर नवं भुरभुरीत. उताणा! वीस मिनिटं तसाच. हाक मारली म्हणे, पण खिडक्या बंद, माझ्या टीव्हीवर कॉलेजची मॅच. समोरची बाई कुत्र्याला घेऊन निघाली तेव्हा कुत्र्यानं शोधला.

मनगट मोडलं. बाकी देवाची कृपा. इमर्जन्सीत पाच तास बसलो, तर हा विचारतो, "उद्या मॅच किती वाजता आहे बे?"

क्षितिजचा फोन मी घेतला. पोरगा रडत होता. मी म्हटलं, अरे ठीक आहे, चिडचिड करतोय म्हणजे ठीक आहे.

तीन घरं. वीस मिनिटं. आणि माझा आवाज मोठा ठेवलेला.

सोमवार, १ डिसेंबर

त्याचा ड्राइव्हवे मी शोव्हल केला. जुलियाना दारात उभी. "हां, करा. एक पडला, आता दुसराही पाडा. मी कुत्रा विकत आणते!"

रविवार, ७ डिसेंबर

हरलो. दोन विजय, अकरा पराभव. ड्राफ्टमधली पहिली निवड जवळजवळ आपली. मी खूश, पण खूश दिसायची सोय नाही. समोरची टीम किक मारते तेव्हा आमची रीत आहे — दोघांनी डाव्या पायातली चप्पल काढायची, म्हणजे त्यांचा नेम चुकतो. मी आज मुद्दाम काढली नाही. सूर्यकांतनं पाहिलं. प्लास्टरमधल्या हातानं माझी चप्पल ओढून काढली!

मध्यंतरात टीव्हीवरचे लोक बोलत होते की पॅसिफिकवाले मार्चमध्ये परत होल्कमला विचारणार. सूर्यकांतनं आवाज कमी केला. आवाज कमी करणारा माणूस नाही तो.

"पायस, खरं सांग. होल्कमनं जावं का?"

"जावं! किती वेळा सांगू?"

"तिकडं त्याची काय ओळख? इथं सगळे त्याले नावानं हाक मारतात."

"तिकडे ऊन आहे. बर्फात आपटणं नाही. मान मिळेल, नवी माणसं मिळतील."

"आणि इथली टीम? त्याच्याविना चालेल?"

"चालेल रे. एक सीझन कंबर मोडल्यासारखं वाटेल. मग सवय होते. कुणावाचून कुणाचं अडत नाही, घेतलास अनुभव तू नोकरीत! आपण रिटायर झालो, प्लँट बंद पडला का?"

तो बराच वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत बसला. मग म्हणाला, "हाव. बरोबर आहे तुझं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माझ्याशी सहमत झाला! मी बियांकाला फोन करून सांगितलं. त्या पत्रातलं खालचं वाक्य आता काढ म्हटलं.

रविवार, १४ डिसेंबर

जिंकलो!! कसं कोण जाणे. होल्कमनं शेवटच्या मिनिटाला असा काही फेकला की बॉल आभाळात विचार करत थांबला, आणि मग त्या बुटक्याच्या हातात पडला.

मी ओरडलो. जुलियाना वरून ओरडली. सूर्यकांत नुसता हसला. त्याचं ब्लडप्रेशर बघायला हवं.

रविवार, २१ डिसेंबर

हरलो. ते जाऊ दे.

संध्याकाळी किचनच्या खिडकीत सूर्यकांतची कढीपत्त्याची कुंडी दिसली. वहिनींच्या हातची. हिवाळ्यात तो तिला टीव्हीजवळ ठेवतो, उबेला. तिच्याशी बोलतो हेही मला माहीत आहे.

"ही इथे कशी?"

जुलियाना कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवली. ती सुरी खाली ठेवते तेव्हा मी बसतो.

"भावजी देऊन गेले. फेब्रुवारीत जाताहेत व्हँकूव्हरला. घराचंही ठरलं. म्हणाले, सीझन संपेपर्यंत पायसला सांगू नका, त्याचं तोंड उतरेल."

"जातोय? कायमचा?"

"कायमचा."

"पण मला तो काही बोलला नाही!"

"बोलले ना. तुम्हीच सांगितलंत मला, केवढ्या कौतुकानं. 'सूर्यकांत सहमत झाला!' अहो, तो बॉल फेकणारा गोरा माणूस कुठे जातो याचं कुणाला पडलंय? ते स्वतःचं विचारत होते. आणि तुम्ही म्हणालात, जा. कुणावाचून अडत नाही म्हणालात!"

सोमवार, २२ डिसेंबर

गाढव. मी. दुसरं कोणी नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर

आज दिवसभर वाक्य जुळवत होतो. 'सूर्यकांत, माझ्या बोलण्यावर जाऊ नकोस.' — नाही. 'सूर्यकांत, राहा.' — असं कोण म्हणतं? इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांना एकही असं वाक्य बोललेलो नाही. लाइनवर शेजारी उभे राहिलो, वहिनींच्या वेळी दवाखान्यात बसलो, सगळं बोलणं बगळ्यांचंच. सवयच नाही. त्याला तरी कसं विचारता आलं असतं सरळ? त्यानं होल्कमच्या खांद्यावर बंदूक ठेवली. मीही तेच केलं असतं.

एक करता येईल. मत फिरवायचं. होल्कमनं जाऊ नये, ही टीम त्याच्याविना चालणार नाही — असं ठासून सांगायचं. तो समजेल.

नाताळच्या जेवणाला येणार आहे. तेव्हाच.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळ. सूर्यकांत आला, प्लास्टरवर बियांकानं बगळा काढून दिला. बगळ्याचं बदक झालं. जुलियानाच्या मटणाला तो दरवर्षीप्रमाणे म्हणाला, "वहिनी, छान आहे, तिखट राहिलं का घालायचं?" आणि तिनं दरवर्षीप्रमाणे मिरच्यांची बशी त्याच्यापुढे आपटली.

मी घसा साफ केला. "सूर्यकांत, मी होल्कमचा विचार केला—"

तेवढ्यात व्हिडिओ कॉल. ईशानी. सहा वर्षांची, पुढचे दोन दात नाहीत. सगळं इंग्रजी. काय काय दाखवलं — सायकल, दात, मांजराची गादी. मांजर अजून आणायचंय. "आर यू स्लीपिंग इन माय रूम ऑर द अदर रूम?" सूर्यकांत गडबडला, माझ्याकडे चोरून पाहिलं. मी मिरची खात होतो असं दाखवलं. डोळ्यांत पाणी यायला तेवढं बरं निमित्त.

फोन ठेवताना ती म्हणाली, "बाय बे!"

एवढा एकच मराठी शब्द. त्याच्याकडूनच उचललेला, फोनवरून. सूर्यकांतचा चेहरा असा झाला की— होल्कम फायनलला पोहोचला होता त्या दिवशीही नव्हता झाला.

मी पुढे बोललो नाही. म्हणजे बोललो — बचावफळीबद्दल. वीस मिनिटं. जुलियानानं टेबलाखालून लाथ मारली, डाव्या गुडघ्यावर!

शनिवार, ३ जानेवारी

एक गोष्ट आठवली, ती लिहून ठेवतो.

मी बारा-तेरा वर्षांचा असेन. शाळा सुटून वाडीला लागलो होतो. घड उतरवला आणि हुशारी दाखवायला मी खुंट पार बुंध्यातून तोडला. बाबांनी कानाखाली दिली. "अर्धा ठेवायचा असतो! त्याच्या अंगात पाणी असतं अजून. उभा सुकता सुकता तो ते सगळं खाली सोडतो, मुनव्याला. लगेच तोडलास तर पोर उपाशी राहतं."

आणि मी दोन महिने कोयता परजत बसलोय! सगळी लागवड सांगितली, मधली पायरीच गाळली. साहेबांना नवीन पत्र लिहिलं पाहिजे. होल्कमला ठेवा. खेळवू नका, पण ठेवा. नव्या पोराशेजारी एक वर्ष उभा करा. त्याच्या अंगातलं पोराच्या मुळाशी जाऊ दे.

आनंदानं उठलो. हेच सूर्यकांतला सांगायचं. राहा!

जिना चढता चढता थांबलो. खुंट मुनव्याशेजारीच उभा लागतो. तिसऱ्याच वाडीत उभा राहून काय उपयोग?

त्याचा मुनवा व्हँकूव्हरला आहे. दोन दात नाहीत, मराठी एकच शब्द.

खाली येऊन परत बसलो.

रविवार, ४ जानेवारी

शेवटची मॅच. जिंकलो! चार विजय, तेरा पराभव. आणि या एका विजयापायी ड्राफ्टमधली पहिली निवड गेली, तिसरी आली. असे हे बगळे. हरायच्या दिवशीसुद्धा हरता येत नाही. चपला दोघांच्याही वेळेवर निघाल्या, त्याचा परिणाम.

सूर्यकांतचं प्लास्टर निघालंय. मॅच संपली तरी उठला नाही. मीही नाही. टीव्हीवर होल्कम एकेकाला मिठी मारत होता.

"पायस. मत तेच आहे का तुझं?"

मला कळलंय हे त्याला माहीत नाही. निदान मला तसं वाटलं.

"कशाबद्दल?"

"याच्याबद्दल. गेला तर टीम चालेल ना बे?"

रिमोट कुठे गेला म्हणून मी उशी उचलली. रिमोट हातातच होता.

"चालेल," मी म्हणालो. "मस्त चालेल. जाऊ दे त्याला."

"हाव," तो म्हणाला. मग, "फेब्रुवारीत मी क्षितिजकडे जाऊन राहिलो. तुले सांगायचं होतं."

"अरे वा! चांगलं झालं की!"

वा! म्हणे. माझ्या तोंडून 'वा' निघालं!

रविवार, ११ जानेवारी

बियांका आली. साहेबांचं पत्र पुन्हा पहिल्यापासून.

"यू चेंज्ड युअर माइंड? नाऊ कीप होल्कम?"

"हो."

"बट यू टोल्ड सूर्यकांत अंकल टू गो."

पोरगी हुशार आहे. मी म्हटलं, "दोन्ही एकच आहे. मोठी झालीस की कळेल." तिला एकविसावं चालू आहे. तिनं डोळे फिरवले आणि टाइप केलं. मातोश्रींची तब्येतही आपण होऊन घातली, न सांगता. शेवटी मी सांगितलं — 'उत्तराची वाट पाहतो, कृपया लवकर पाठवावे.' पाकिटावर सूर्यकांतनं तिकीट चिकटवलं. म्हणाला, "माझं नाव घातलं ना खाली?" घातलं. 'सहमत' असं.

शनिवार, १४ फेब्रुवारी

पोचवून आलो. पिअर्सन विमानतळापर्यंत रस्ता कोरडा. ब्रॅम्पटनला वाटेत थांबलो, त्यानं ईशानीसाठी चार किलो चिवडा घेतला. "तिकडं मिळत नाही का रे?" "मिळते. पण भरवसा काय!" गाडीत सगळा वेळ डाव्या टॅकलच्या ऑपरेशनवर बोललो. दोघांनाही मुद्दे कमी पडले नाहीत.

आत जाताना वळला. मला वाटलं काही बोलतो.

"कढीपत्त्याले जास्त पाणी घालू नको."

घरी आलो. बेसमेंटमध्ये त्याच्या खुर्चीखाली चप्पल. एकच. डावी.

बॅग भरताना उजवी घेतली आणि डावी विसरला? तो विसरणारा माणूस नाही.

जागेवरून हलवली नाही.

गुरुवार, १२ मार्च

होल्कम राहिला!! एका वर्षाचा करार. बातमीत लिहिलंय, नव्या पोराला शिकवायला ठेवतायत.

जुलियानाला म्हटलं, माझं पत्र वाचलं वाटतं साहेबांनी. ती म्हणाली, "हो तर. तुमची वाट बघत होते सगळे."

दुपारी टपाल — टीमच्या ऑफिसचं पाकीट! छापील. 'आपल्या उत्साहाबद्दल आभार.' सोबत बगळ्याचा स्टिकर. मातोश्रींबद्दल एक अक्षर नाही.

सूर्यकांतला फोन केला. "तू कसा आहेस?" "मस्त. तू?" "मस्त." मग होल्कम. आमचे सगळे फोन असेच.

शुक्रवार, २४ एप्रिल

ड्राफ्ट. तिसऱ्या निवडीत पोरगा घेतला. किडकिडीत, लांब हात, कपाळाला आठी. तलवारीची पानं! मी टाळ्या वाजवल्या.

शेजारची खुर्ची काही बोलली नाही. मी उठून टीव्ही बंद केला. अजून एकोणतीस निवडी बाकी होत्या.

बुधवार, २९ एप्रिल

सूर्यकांतचं पत्र आलं. फोन हाताशी असताना पत्र! इथे उतरवून ठेवतो—

'तुझा गुडघा कसा आहे? टॅकलचा? वहिनींची कंबर? बियांकाचे पेपर? कढीपत्ता? माझी चप्पल? इकडे ठीक. ईशानी आता "काऊन" शिकली, दिवसभर तेच विचारते. मांजर आणलं, नाव होल्कम.

फोनवर जमत नाही म्हणून लिहितो. माझं जायचं ऑक्टोबरातच ठरलं होतं बे. होल्कमच्या नावानं मी माझं नव्हतो विचारत. तुझं विचारत होतो. मी गेल्यावर तू मॅच पाहशील, की टीव्ही बंद करून बसशील. तू दोनदा म्हणालास, चालेल. पहिल्यांदा माझ्याकडे पाहून. दुसऱ्यांदा रिमोट शोधत.

तर आता खरं सांग. चालते का?

लवकर लिही.'